वजनाची वही रिकामी का राहते

"सांगून ऐकतच नाहीत." हार्ट फेल्युअरचा पेशंट असलेल्या घरात हे वाक्य दिवसातून एकदा तरी ऐकू येतं. लघवीची गोळी चुकवतात, लोणच्याची बरणी जवळ ओढतात, अंगात पाणी साठतंय का हे कळायला रोजचं वजन वहीत लिहायचं असतं पण वजनकाटा पलंगाखाली धूळ खात पडलाय, चालायला चला म्हटलं की भिंतीकडे तोंड करून पडतात. घरचे याला हट्ट म्हणतात. केसपेपरवर 'औषधं नियमित नाहीत' अशी नोंद होते. पुष्कळदा त्या माणसाला डिप्रेशन आलेलं असतं आणि ते कोणी विचारलेलंच नसतं.

हार्ट फेल्युअर असलेल्या दर पाच जणांत साधारण एकाला उपचार लागावेत इतकं डिप्रेशन असतं. बरेच अभ्यास एकत्र करून २००६ साली हा हिशोब मांडला गेला. त्यातच असंही दिसलं की रोजच्या कामात काही त्रास नसलेल्यांत हे प्रमाण ११ टक्क्यांच्या आसपास आहे, तर बसल्या जागी धाप लागणाऱ्यांत ४२ टक्के. आपल्याकडे त्यात वयाची भर पडते. त्रिवेंद्रमला २०१३ साली १२०५ पेशंटची नोंदणी झाली, त्यांचं सरासरी वय ६१ होतं. पाश्चात्त्य देशांतल्या पेशंटपेक्षा सुमारे दहा वर्षांनी कमी. म्हणजे घराचे हप्ते, मुलीचं लग्न, शेतीचं कर्ज असं सगळं अर्ध्यावर असताना माणूस घरी बसतो.

आणि घरी येतो तो एक आकडा घेऊन.

'पंपिंग फक्त तीस टक्के'

इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, रिपोर्टवरचा हा आकडा घराघरात चुकीचा वाचला जातो. पंपिंग ३० टक्के म्हणजे हृदय ७० टक्के मेलं, असा सरळ अर्थ पेशंट लावतो, आणि भेटायला येणारे मान हलवून त्याला दुजोरा देतात. खरं तर डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्याला किती बाहेर पडतं, याची ही टक्केवारी आहे. धडधाकट माणसाचा आकडासुद्धा साधारण ५५ ते ७० असतो. शंभर कोणाचाच नसतो. तेव्हा ३० ची तुलना १०० शी करायची नाही, ६० शी करायची. शिवाय तो आकडा कायमचा कोरलेला नाही. औषधं पूर्ण डोसात, नेटाने काही महिने चालली की अनेकांचा तो चढतो, काहींचा चांगलाच चढतो.

डिस्चार्जच्या दिवशी हे दोन मिनिटांत सांगता येतं. फारसं कोणी सांगत नाही. मग 'इतकंच उरलंय तर पथ्य कशाला' हा निष्कर्ष माणूस स्वतःच काढतो, आणि तिथून वही रिकामी राहायला लागते.

थकवा कोणाचा, हृदयाचा की मनाचा

ओळखायला अवघड जातं ते एका कारणामुळे. थकवा, झोप मोडणं, भूक जाणं, लक्ष न लागणं ही डिप्रेशनची लक्षणं आहेत आणि हृदयाचीही. यकृत आणि आतड्यांवर सूज आली की दोन घासांत पोट भरतं. लघवीची गोळी उशिरा घेतली की रात्री चार वेळा उठावं लागतं आणि दुसरा दिवस डुलक्यांत जातो. त्यामुळे 'या आजारात असं व्हायचंच' म्हणून सगळं हृदयाच्या खात्यावर टाकून डॉक्टर आणि घरचे दोघेही मोकळे होतात.

फरक दिसतो तो ज्या गोष्टींना ताकद लागत नाही तिथे. हृदयामुळे थकलेल्या माणसाला करायचं असतं, पण जमत नाही. जिना चढवत नाही म्हणून तो चिडतो. क्रिकेटची मॅच मात्र बघतो, नातवाचा व्हिडिओ कॉल आला की उठून बसतो. डिप्रेशनमध्ये मॅच लागलेली असते आणि तो बघत नसतो. फोन 'नंतर करू' म्हणून दुसऱ्याच्या हातात देतो. दुसरी खूण म्हणजे स्वतःला दोष देणं: 'तुमच्यावर ओझं झालोय', 'माझ्यापायी पैसा वाया चाललाय'. आपल्याकडचे पुरुष 'मला उदास वाटतं' असं सहसा म्हणत नाहीत. ते चिडचिड करतात, जेवणाला नावं ठेवतात, जीव घाबरा होतो म्हणतात. बायका बहुतेक वेळा 'अंगात त्राण नाही' एवढंच सांगतात आणि कामाला लागतात.

विचारायचे प्रश्न दोनच आहेत. गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस किंवा आनंद वाटला नाही, असं किती दिवस झालं? आणि मन खिन्न, निराश होतं, असं किती दिवस? मुळीच नाही याला शून्य, काही दिवस याला १, निम्म्याहून जास्त दिवस याला २, जवळपास रोज याला ३. दोन्हींची बेरीज ३ किंवा वर गेली तर नऊ प्रश्नांची पूर्ण प्रश्नावली भरायची. तिचं नाव पीएचक्यू-९, एकूण गुण २७, आणि १० किंवा वर गेलं की डॉक्टरांनी नीट तपासायला हवं. प्रश्नावली निदान करत नाही, दार ठोठावते एवढंच. एकट्याने, शांतपणे विचारा. सगळं घर गोळा करून विचारलं तर उत्तर शून्यच मिळणार.

मनाचं नाव घ्यायच्या आधी काही गोष्टी रक्तात शोधायच्या असतात: हिमोग्लोबिन आणि लोह, थायरॉइड, बी-१२, सोडियम. ठोक्यांसाठी अमिओडॅरोन चालू असेल तर थायरॉइड बिघडण्याची शक्यता बरीच असते, आणि सुस्तावलेला थायरॉइड हुबेहूब डिप्रेशनसारखा दिसतो. जोरात घोरणं, झोपेत श्वास थांबणं असेल तर तेही सांगा. आणि माणूस एक-दोन दिवसांतच गुंगल्यासारखा, असंबद्ध बोलायला लागला तर ते डिप्रेशन नव्हे. सोडियम घसरलेलं असू शकतं, जंतुसंसर्ग असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

मन सुधारलं म्हणून पथ्य सुधारत नाही

इथे एक गोष्ट बहुतेकांच्या अपेक्षेविरुद्ध आहे. डिप्रेशनची गोळी सुरू केली की माणूस आपोआप वजन करायला लागेल, मीठ सोडेल, असं गृहीत धरलं जातं. अभ्यास तसं सांगत नाहीत. सर्ट्रालीन या डिप्रेशनच्या गोळीची मोठी चाचणी २०१० साली छापली गेली, ४६९ पेशंट, १२ आठवडे: गोळी हृदयाला सुरक्षित ठरली, पण डमी गोळीपेक्षा मनःस्थितीत वेगळा फरक पडला नाही. दोन्ही गटांना नर्सचा नियमित आधार होता आणि दोन्ही गट काहीसे सुधारले, ही त्यातली लक्षात ठेवण्यासारखी बाब. एस्सिटालोप्रामची चाचणी २०१६ ची, ३७२ पेशंट, तिथेही तेच. समुपदेशनाची, म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपीची, चाचणी २०१५ साली १५८ जणांवर झाली. त्यात डिप्रेशन स्पष्टपणे कमी झालं, स्वतःची काळजी घेण्याच्या सवयी मात्र जागच्या जागी राहिल्या.

यावरून गोळ्या निरुपयोगी आहेत असं कोणी काढू नये. डिप्रेशन तीव्र असेल, आधीही येऊन गेलेलं असेल, तर मानसोपचारतज्ज्ञ गोळी देतात आणि ती द्यावीच लागते. अर्थ एवढाच, की मन आणि पथ्य ही दोन कामं आहेत आणि दोन्हींची सोय वेगवेगळी लावावी लागते. खचलेल्या काळात गेलेली सवय मन हलकं झाल्यावर आपण होऊन परत येत नाही. कोणीतरी ती हाताला धरून आणावी लागते. घरातल्या माणसांचं काम इथे सुरू होतं. दुर्दैवाने बहुतेक घरांत त्याचा अर्थ 'समजावून सांगणं' एवढाच घेतला जातो.

आधार म्हणजे नेमकं कोणी काय करायचं

उपदेशाला आधार म्हणत नाहीत. 'हिंमत ठेवा', 'पॉझिटिव्ह विचार करा', 'अमक्यांचं बायपास झालं तरी ते वारीला जातात' ही वाक्यं ऐकणाऱ्याच्या डोक्यात 'माझंच काहीतरी कमी पडतंय' अशी उतरतात. उपयोगी पडतं ते काम, आणि त्या कामावर एका माणसाचं नाव.

सकाळचं वजन हे त्यातलं पहिलं. काटा डिजिटल घ्या. तो पलंगाखाली नको, बाथरूमबाहेर सपाट फरशीवर कायमचा ठेवा; गादीवर, चटईवर किंवा पायपुसण्यावर तो चुकीचा आकडा दाखवतो. वेळ: उठल्यावर लघवी करून, चहाच्या आधी, रोज साधारण तेवढेच कपडे घालून. डोक्यात चक्कर असेल तर हाताला खुर्ची असू द्या, पण आकडा वाचताना तिच्यावर भार नको. वाकून आकडा दिसत नसेल तर दुसऱ्याने वाचायचा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत लिहायचा, कारण वही उघडावी लागते आणि कॅलेंडर समोरच असतं. तीन दिवसांत दोन किलोपेक्षा जास्त वाढलं तर त्याच दिवशी फोन. डॉक्टरांनी वेगळा आकडा दिला असेल तर तो कॅलेंडरवरच मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

पण डिप्रेशन असलेल्या पेशंटमध्ये हा काटा फसवतो, आणि हे फार कमी जणांना माहीत असतं. जेवण तुटलेलं असतं, त्यामुळे मांस झडत असतं. त्याच वेळी अंगात पाणी साठत असतं. उणे-अधिक होऊन काटा महिनाभर ६२ वरच उभा. घरचे निर्धास्त, आणि एका रात्री माणूस धापा टाकत उठून बसतो. म्हणून काट्याबरोबर दोन गोष्टी बघायच्या. नडगीच्या हाडावर अंगठा पाच-दहा सेकंद दाबून ठेवा; काढल्यावर खड्डा राहतो का? आणि रात्री उशा किती लागतात? एकीच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन झाल्या, की काटा काहीही म्हणो, डॉक्टरांना कळवायचं. गाल बसलेत, सदरा ढगळ झालाय आणि वजन मात्र तेवढंच, असं दिसलं तर 'कोरडं वजन', म्हणजे अंगात जास्तीचं पाणी नसतानाचं वजन, डॉक्टरांकडून नव्याने ठरवून घ्या.

याच्या उलटही एक प्रकार असतो. भीतीपोटी माणूस दिवसातून पाच वेळा काट्यावर उभा राहतो आणि चहामुळे वाढलेल्या पाव किलोने घाबरून जातो. त्याच्यासाठी नियम: सकाळी एकदाच, मग काटा कपाटात.

गोळ्यांचं काम दुसरं. आठवड्याचा डबा, सात दिवस, सकाळ-दुपार-रात्र असे कप्पे. मेडिकलच्या दुकानात मिळतो. रविवारी एकाने भरायचा आणि मागच्या आठवड्यात कोणते कप्पे भरलेलेच राहिले ते बघायचं. तिथे ओरडायचं नाही, कोणती गोळी आणि कोणत्या वाराची, तेवढं टिपायचं. बहुतेक वेळा ती लघवीची गोळी निघते, आणि वार निघतो बाहेर जायचा. एसटीत चार तास, उतरायची सोय नाही, म्हणून गोळी टाळली जाते. मुंबईत लोकलसाठी टाळली जाते. हा हट्ट नाही, अब्रूचा प्रश्न आहे, आणि त्यावर उपाय आहे. प्रवासाच्या दिवशी ती पोहोचल्यावर घेतली तर चालेल का, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवायचं. बऱ्याच जणांना ते चालतं. दिवसाला दोन असतील तर दुसरी दुपारी, चारच्या आत. रात्री घेतली तर झोपेचं खोबरं होतं आणि अंधारात बाथरूमकडे जाताना पडायची भीती.

एकादशीला, संकष्टीला 'उपास आहे म्हणून गोळी नाही' हेही कप्प्यात सापडतं. पाण्याच्या घोटाबरोबर घेतलेल्या गोळीने उपास मोडत नाही, हे घरातल्या वडीलधाऱ्यांनी एकदा सांगून टाकावं. डॉक्टरांपेक्षा त्यांचं ऐकलं जातं. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल, विशेषतः मधुमेह असेल, तर मात्र कडक किंवा निर्जळी उपास डॉक्टरांना विचारल्याशिवाय करूच नये. अंगात आम्ल साठण्याचा धोका असतो, साखर फार वाढलेली नसतानाही.

मिठाबद्दल लिहिताना सगळे 'कमी करा' म्हणतात. किती, ते मोजूया. दिवसाला माणशी पाच ग्रॅमच्या आत ठेवायचं, म्हणजे सपाट भरलेला साधारण एक चहाचा चमचा, दिवसभराच्या सगळ्या पदार्थांत मिळून. चार माणसांच्या घरात दिवसाला २० ग्रॅम. एक किलोची पिशवी ५० दिवस पुरली पाहिजे. ती महिन्यात संपत असेल तर माणशी आठ ग्रॅमच्या वर जातंय, आणि त्यात बाहेरून येणारं फरसाण, पाव, पापड, सॉस धरलेलं नाही. किराणा आणला की पिशवीवर तारीख लिहा. वाद घालण्यापेक्षा हे सोपं.

पापडात मीठ असतंच, वर पापडखारातही सोडियम असतं. सुकट आणि सुके बोंबील धुतले तरी बरंच उरतं. कोकमाचं आगळ खारवलेलं असतं. ॲसिडिटीसाठी पाण्यात फसफसणारी पुडी म्हणजे सोडा, ती वारंवार घेणारे पेशंट पुष्कळ. सैंधव 'औषधी' म्हणून वापरतात, पण तेही सोडियमच. आणि 'लो सोडियम' मीठ तर न विचारता आणूच नका: त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं, आणि रामिप्रिल, सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन, स्पायरोनोलॅक्टोन यांसारख्या औषधांनी ते आधीच वर जात असतं. भेटायला येणारे पिशवी भरून शहाळी आणतात, त्या पाण्यातही पोटॅशियम असतं. आजाऱ्याला शहाळं ही आपल्याकडे माया दाखवायची रीत आहे, म्हणून परत करवत नाही. पण ते इतरांनी प्यावं.

पथ्याने मन कसं मोडतं तेही बघा. आजाऱ्याची आमटी वेगळी, बिनमिठाची, आधी वाढलेली. बाकीचे नंतर, वेगळं, हसतखेळत जेवणार. असं रोज दोन वेळा घडलं तर भूक कशी राहील? त्यापेक्षा सगळ्यांचाच स्वयंपाक कमी मिठाचा करावा, ज्याला हवं त्याने ताटात वरून घ्यावं, आणि मीठदाणी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवावी. भाकरीत, भातात, पोळीच्या कणकेत मीठ घालायचं कारण नाही. चव आणायला लिंबू, आमचूर, भाजलेलं जिरं, मिरपूड, लसूण, ओली मिरची आहेत. पहिले काही आठवडे सगळं अळणी लागतं, मग जीभ सरावते. अगदी टोकाचं अळणी मात्र करू नका. सोडियम दिवसाला दीड ग्रॅमच्या आत आणून पाहणारी चाचणी २०२२ साली छापली गेली. त्यात मृत्यू आणि हॉस्पिटलच्या फेऱ्या कमी झाल्याचं दिसलं नाही. ज्याचं जेवणच तुटलंय त्याच्या ताटातून चवही काढून घेण्यात शहाणपण नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

पाणी मोजायला सांगितलं असेल तरच मोजायचं, आणि मग चहा, ताक, आमटी, सरबत सगळं त्यात धरायचं.

दूर राहणारी मुलं

पुण्यात मुलगा आणि गावी आईवडील, किंवा आईवडील डोंबिवलीत आणि मुलगी न्यू जर्सीत, ही आता नेहमीची रचना आहे. रोज फोन होतो. 'कसे आहात?' 'बरा आहे.' संपलं. या प्रश्नाला दुसरं उत्तरच नाही. त्याऐवजी आकडा विचारा: 'आज काटा किती?' काट्याचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवा. भारतात सकाळचे सात म्हणजे न्यू जर्सीत आदल्या रात्रीचे साडेआठ किंवा साडेनऊ, ऋतूप्रमाणे. दोन्हीकडे सोयीची वेळ आहे. फोटो आला नाही तर तासाभरात फोन, आणि लागला नाही तर शेजारच्या कोणाला, हे आधीच ठरवून ठेवा. आकड्याचं बोलून झालं की मात्र तिथेच थांबू नका. पाच मिनिटं आजारपण सोडून काहीही बोला, भांडण असलं तरी चालेल. ज्याच्याशी सगळे फक्त त्याच्या पायांच्या सुजेबद्दल बोलतात, तो माणूस हळूहळू फक्त पेशंट उरतो.

जवळ असणाऱ्यांची चूक उलटी असते. पाण्याचा तांब्या हातात, चप्पल पायात, बँकेचं काम परस्पर. प्रेमाने केलेलं असतं, पण 'आता तुमच्याकडून काही होणार नाही' हेच त्यातून ऐकू जातं. वीजबिल भरणं, भाजी निवडणं, नातवाचा अभ्यास घेणं, देवपूजा अशी बसून होणारी कामं त्यांच्याकडेच राहू द्या. गोळ्यांचा डबा त्यांनी भरावा आणि दुसऱ्याने तपासावा, हे दुसऱ्यानेच भरण्यापेक्षा बरं.

हे सगळं बहुतेक घरांत एकाच बाईवर येतं, बायको किंवा सून. तिचीही झोप मोडलेली असते, तिलाही कोणी विचारत नाही. तेच दोन प्रश्न तिला विचारा. आणि आठवड्यातला एक अर्धा दिवस तिचा, दुसऱ्या कोणीतरी घर सांभाळून. ती कोसळली तर डबा, काटा, जेवण सगळं एकदम थांबतं.

बाईच पेशंट असेल तर चित्र आणखी वाईट होतं. सगळ्यांचं झाल्यावर तिची गोळी, सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं तिचं जेवण. धाप लागत असताना कणीक मळणं चालूच. तिच्या वजनाचा आकडा रोज लिहायची जबाबदारी घरातल्या एका पुरुषाने घ्यावी, नाव घेऊन. 'सगळे बघू' म्हणजे कोणीच नाही.

वाईट दिवस धरूनच आखणी

खचलेल्या माणसाला 'उत्साह आला की चालू' असं वाटतं. डिप्रेशनमध्ये क्रम उलटा असतो: आधी थोडी हालचाल, मग उत्साह. म्हणून बेत इतका छोटा असावा की नाही म्हणायला कारण सापडू नये, आणि तो घड्याळाऐवजी आधीच्या एखाद्या सवयीला बांधलेला असावा. 'रोज चालायचं' हा बेत नाही. 'सकाळचा चहा झाला की अंगणात तीन चकरा' हा बेत आहे. सपाट जागेवर पाच मिनिटं, दिवसातून दोनदा, इथून सुरुवात. जमलं की दर दोन-तीन दिवसांनी एखादं मिनिट वाढवा. चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. बोलताना दम तुटत असेल तर वेग जास्त आहे. वजन अचानक वाढलेलं असेल, छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल तर त्या दिवशी चालायचं नाही, डॉक्टरांना कळवायचं. व्यायामाने या पेशंटमध्ये डिप्रेशनची लक्षणं थोडीफार कमी होतात, हे २३०० हून जास्त जणांच्या चाचणीत दिसलेलं आहे. फरक मोठा नाही, पण त्याला पैसे लागत नाहीत.

आंघोळीने दमणारे खूप असतात. स्टुलावर बसून, कोमट पाण्याने, आणि नंतर वीस मिनिटं काही नाही. आंघोळ, जेवण आणि चालणं लागोपाठ नको.

ज्या दिवशी काहीच करावंसं वाटत नाही, त्या दिवसासाठी वेगळा ठराव आधीच करून ठेवा, बरं वाटत असताना, पेशंटच्या तोंडून: 'त्या दिवशी फक्त वजन, गोळ्या आणि एक फोन. चालणं, पथ्य, बाकी सगळं माफ.' माफी मिळालेली असली की दुसऱ्या दिवशी परत सुरू करणं सोपं जातं.

गोळी सुरू होणार असेल तर

मानसोपचारतज्ज्ञांकडे जाताना अलीकडचा ईसीजी, सोडियम-पोटॅशियम-क्रिएटिनिनचा रिपोर्ट आणि चालू औषधांची पूर्ण यादी न्या. सर्ट्रालीन या पेशंटमध्ये सहसा पहिली पसंती असते. सिटालोप्राम, एस्सिटालोप्राम यांनी ईसीजीतलं 'क्यूटी' नावाचं अंतर लांबून ठोके बिघडू शकतात, म्हणून डोस आणि बाकीची औषधं बघून देतात. ॲमिट्रिप्टिलीन जातीच्या जुन्या गोळ्या हृदयाच्या पेशंटला टाळतात. त्या पायांच्या आगीसाठी किंवा डोकेदुखीसाठी दुसऱ्याच डॉक्टरांनी दिलेल्या असू शकतात, यादीत त्या आवर्जून दाखवा. वयस्कर माणसाला लघवीच्या गोळीबरोबर सर्ट्रालीनसारखी गोळी सुरू झाली तर सोडियम उतरू शकतं, म्हणून दोन ते चार आठवड्यांत पुन्हा तपासून घ्यायचं. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर हिरड्यांतून, शौचातून रक्त येतंय का याकडे लक्ष हवं. गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. आठव्या दिवशी 'काही फरक नाही' म्हणून बंद करणारेच जास्त, आणि बरं वाटल्यावर एकदम सोडणारेही. दोन्ही नको.

'बीटा ब्लॉकरमुळे डिप्रेशन येतं' असं मेसेजमधून फिरत असतं. मोठ्या तपासण्यांत तसा संबंध दिसलेला नाही. थकवा किंवा विचित्र स्वप्नं मात्र काहींना पडतात. मेटोप्रोलोल, कार्व्हेडिलोल, बिसोप्रोलोल ही जीव वाचवणारी औषधं आहेत, मनाने बंद करायची नाहीत. झोपेसाठी ओळखीच्या दुकानातून आणलेली अल्प्राझोलामची पट्टी डिप्रेशनवर काहीच करत नाही, तोल घालवते आणि सवय लावते. सांधे दुखले म्हणून घेतलेली डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन अंगात पाणी साठवते. 'नैसर्गिक' म्हणून परदेशातून येणारा सेंट जॉन्स वर्ट हा वनस्पतीचा अर्क अनेक औषधांशी भिडतो, तो नकोच.

आता पुढच्या फॉलोअपचं. ओपीडीत दोन-चार मिनिटं मिळतात आणि 'गोळ्या चालू आहेत ना?' याला 'हो' म्हणून सगळे उठतात. बसल्याबसल्या कॅलेंडरचं पान पुढे करा आणि चुकलेली गोळी आपणहून सांगा, कारणासकट. मग हे एक वाक्य, जसंच्या तसं: "गेले दोन आठवडे यांना कशातच रस नाही, पीएचक्यूचे इतके गुण आलेत, मानसोपचारतज्ज्ञांची चिठ्ठी द्याल का?" 'वयामुळे असतं' असं उत्तर आलं तर चिठ्ठी पुन्हा मागा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयातून हे उपचार मिळतात. जायला जमत नसेल तर सरकारचा टेली-मानस क्रमांक १४४१६ आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

'आता पुरे झालं', 'देवाने न्यावं' हे कानावर आलं तर विषय बदलू नका. सरळ विचारा: जीव द्यावासा वाटतो का? विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. असलेला बाहेर येतो. उत्तर हो आलं तर माणसाला एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर, आणि घरातल्या गोळ्यांचा साठा दुसऱ्याच्या ताब्यात, कुलपात. डब्यात तेवढ्या त्या दिवसाच्याच.